मज्जा, सलाईन आणि चूल : मूलपेशी प्रत्यारोपण होणाऱ्या बालकांच्या पोषणाचा इतिहास

प्रस्तावना

आधुनिक वैद्यकाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने शोध, शस्त्रक्रिया आणि औषधे यांच्याभोवती फिरत आले आहे. रुग्ण काय खात होता, ते अन्न कोण शिजवत होते आणि त्याचा खर्च कोण सोसत होते, हे प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतात. दुष्काळ आणि साथीचे रोग यांच्या अभ्यासकांनी अन्नाकडे लक्ष दिले आहे. परंतु ज्याला आपण अत्याधुनिक उपचार म्हणतो, त्याच्या इतिहासात अन्न जणू गृहीतच धरले जाते. प्रस्तुत निबंधात अशाच एका उपचाराचा, म्हणजे रक्ताच्या गंभीर आजारांत लहान मुलांवर केल्या जाणाऱ्या मूलपेशी प्रत्यारोपणाचा, पोषणाच्या अंगाने विचार केला आहे. ‘बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट’ या नावाने तो आपल्याकडे अधिक परिचित आहे.

या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथालयातून नव्हे, वर्गातून. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या वर्गातील सेनगाव तालुक्यातील एक विद्यार्थी जवळजवळ चार महिने गैरहजर होता. परत आल्यावर त्याने कारण सांगितले. धाकट्या बहिणीच्या शरीरात रक्त तयार होणे थांबले होते, तिला याची मज्जा जुळली आणि मुंबईत प्रत्यारोपण झाले. मी साहजिकच मज्जा काढण्याविषयी विचारले. तो म्हणाला, “सर, मज्जा काढायला एक दिवस लागला. तिला जेवू घालायला चार महिने लागले.” आई मुलीजवळ वॉर्डात होती, वडील शेतीमुळे गावी येऊन-जाऊन होते आणि स्वयंपाक या मुलाकडे होता. घरी कधी चहादेखील न केलेला हा मुलगा भाकरी थापायला तेथे शिकला.

त्याच्या या एका वाक्यात जो हिशेब आहे, तो या उपचाराच्या इतिहासात कोठे नोंदलेला आहे, हे पाहणे हा या निबंधाचा हेतू होय. लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा येथे आलेले आहारविषयक तपशील इतिहास म्हणून वाचावेत. एखाद्या रुग्णाच्या ताटात काय असावे हे त्याच्या उपचारकर्त्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनीच ठरवावयाचे असते.

प्रत्यारोपण आणि भूक

प्रत्यारोपण म्हणजे प्रत्यक्षात एक रक्तासारखी पिशवी शिरेवाटे चढवणे. पाहणाऱ्याला त्यात नाट्य असे काही दिसत नाही. कठीण भाग त्याच्या आधी आणि नंतर असतो. आधी तीव्र केमोथेरपीने, काही वेळा किरणोत्सर्गानेही, रुग्णाची जुनी मज्जा नष्ट केली जाते. नव्या पेशी रुजून रक्त तयार करू लागेपर्यंत साधारणतः दोन ते चार आठवडे जातात. या काळात पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. साधा जंतूदेखील जीवघेणा ठरू शकतो.

याच आठवड्यांत तोंडापासून आतड्यापर्यंतची नाजूक आतील त्वचा सोलली जाते. मज्जेप्रमाणेच तिच्या पेशीही वेगाने वाढणाऱ्या असल्याने औषध दोघींना ओळखत नाही. तोंडात फोड येतात, थुंकी गिळणेही नकोसे होते, जिभेची चव जाते, उलट्या आणि जुलाब होतात. दुसऱ्याची मज्जा असेल तर पुढे दात्याच्या पेशी रुग्णाच्या आतड्यावरच हल्ला करू शकतात. खाल्लेले अन्न मग अंगी लागत नाही. म्हणजे शरीराला अन्नाची गरज सर्वाधिक असते त्याच वेळी अन्न घेण्याचा मार्ग बंद झालेला असतो. प्रौढ माणूस साठलेल्या चरबीवर आणि स्नायूंवर काही काळ तग धरतो. मुलाजवळ ही शिल्लक थोडी असते आणि त्याला केवळ टिकायचे नसते, वाढायचेही असते.

आजारापूर्वीच कुपोषित असलेले मूल तर रिकाम्या कोठारानेच या दुष्काळात प्रवेश करते. मध्य अमेरिकेतील देशांत कर्करोगग्रस्त मुलांचा जो अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निदानाच्या वेळी अतिकुपोषित असलेल्या मुलांत उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण अधिक आढळले. हा निष्कर्ष मला विशेष महत्त्वाचा वाटतो. कुपोषण मुलाच्या शरीरापुरते राहत नाही. ते कुटुंबाच्या धीराशी आणि शिध्याशीही जोडलेले असते.

निर्जंतुक ताटाचा काळ

१९५७ मध्ये अमेरिकेत डॉनल थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेवाटे मज्जा देण्याच्या प्रयोगांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या पहिल्या रुग्णांपैकी कोणीही दीर्घकाळ जगले नाही. १९६८ मध्ये मिनेसोटा येथे रॉबर्ट गुड यांच्या चमूने प्रतिकारशक्तीशिवाय जन्मलेल्या एका तान्ह्या मुलाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली आणि तो बरा झाला. प्रत्यारोपणाचे पहिले निर्विवाद यश एका बालकाच्या वाट्याला आले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. थॉमस यांना पुढे १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या पिढीतील डॉक्टरांचा मुख्य शत्रू जंतू होता. त्यामुळे रुग्णाभोवती प्लॅस्टिकचे तंबू उभारले गेले, गाळलेल्या हवेच्या खोल्या आल्या आणि त्याच तर्काने ताटही निर्जंतुक करण्यात आले. अन्न उच्च दाबाच्या वाफेत शिजवणे, डबाबंद अन्न देणे, किरणोत्सर्गाने अन्न शुद्ध करणे असे नाना प्रयोग झाले. ह्यूस्टन येथील डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१ मध्ये जन्मल्यापासून प्लॅस्टिकच्या बंद कक्षातच वाढला. त्याला मिळणारा घास, पाणी आणि कपडे आधी निर्जंतुक होऊनच आत जात. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला बहिणीची मज्जा देण्यात आली. फेब्रुवारी १९८४ मध्ये तो मरण पावला. बारा वर्षांच्या त्या मुलाचे जगणे हा ‘निर्जंतुक अन्न’ या कल्पनेचा टोकाचा आविष्कार म्हणता येईल.

पूर्ण निर्जंतुक अन्न महाग होते आणि बेचवही. मुले ते खात नसत. म्हणून हळूहळू त्याची जागा ‘अल्पजंतू आहारा’ने घेतली. कच्च्या भाज्या नकोत, सालासकट खाण्याची फळे नकोत, दही नको, बाहेरचे काही नको, अशी वर्ज्य पदार्थांची यादी प्रत्येक रुग्णालयाने आपापली केली. या याद्या एकमेकींशी जुळत नसत. त्यांचा आधार प्रयोगसिद्ध पुराव्यापेक्षा सावधगिरी हाच होता. पुरावा तपासण्याचे काम बऱ्याच उशिरा झाले. २००८ मध्ये ह्यूस्टन येथील प्रौढ रक्तकर्करुग्णांच्या अभ्यासात कच्ची फळे-भाज्या खाणारे आणि केवळ शिजवलेले अन्न खाणारे यांच्यातील गंभीर संसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. २०१८ मध्ये दीडशे कर्करोगग्रस्त मुलांवरील अमेरिकी अभ्यासात एका गटाला अल्पजंतू आहार दिला होता, तर दुसऱ्याला फक्त स्वच्छतेचे सर्वसाधारण नियम पाळण्यास सांगितले होते. दोन्ही गटांत संसर्ग सारखाच आढळला. २०२३ मध्ये इटलीतील प्रत्यारोपण केंद्रांनी असाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वच अभ्यास एका सुरात बोलतात असे नाही आणि वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु सुमारे अर्धशतक ज्या याद्या आज्ञेसारख्या पाळल्या गेल्या, त्यांचा पाया वाटला तितका भक्कम नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते.

हे अभ्यास ज्या देशांत झाले तेथे नळाचे पाणी तोंड लावून पिता येते, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. आपल्याकडे प्रश्न काकडीचा नसतो, ती ज्या पाण्याने धुतली त्या पाण्याचा असतो. म्हणून अनेक भारतीय केंद्रांनी नियम शिथिल करतानाही उकळलेले पाणी, ताजे आणि गरम अन्न, जाड सालीची केळी-मोसंबीसारखी फळे आणि प्रेशर कुकर यांवरचा भर कायम ठेवला. प्रेशर कुकर हे आपल्या घराघरांतील निर्जंतुकीकरणाचे यंत्रच होय. अमेरिकी रुग्णालयांनी ज्यासाठी मोठी यंत्रणा उभारली, त्याचा एक साधा पर्याय आपल्या स्वयंपाकघरात शिट्टी देत होता.

सलाईनची बाटली आणि नाकातील नळी

खाता येत नाही तर अन्न शिरेतून द्यावे, ही कल्पना जुनी आहे. पण ती साध्य झाली १९६० च्या दशकाच्या अखेरीस. फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ले डड्रिक या तरुण शल्यविशारदाने बीगल जातीची पिले केवळ शिरेवाटे दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली. त्यापाठोपाठ १९६७ मध्ये आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीला त्याच मार्गाने पोसण्यात आले. १९६८ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तोंडावाटे काहीही न घेता मूल वाढू शकते, ही त्या काळी जवळजवळ अविश्वसनीय गोष्ट होती.

प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना हे वरदानच वाटले. १९८७ मध्ये मिनेसोटाच्या चमूने प्रत्यारोपणाच्या आधीपासूनच शिरेवाटे संपूर्ण पोषण देण्याचा परिणाम तपासला आणि असे पोषण मिळालेले रुग्ण अधिक काळ जगले, असे दाखवून दिले. अन्न हे केवळ शुश्रूषा नसून उपचार आहे, याचा या क्षेत्रातील तो पहिल्या ठळक पुराव्यांपैकी एक होता.

मात्र या बाटलीला किंमत होती. मोठ्या शिरेत कायम नळी ठेवावी लागते, तीतून जंतू शिरतात, रक्तातील साखर वाढते, यकृतावर ताण येतो आणि वापराविना पडून राहिलेले आतडे अधिकच दुबळे होते. पैशाची किंमत तर वेगळीच. म्हणून पुढच्या दशकांत विचार पुन्हा आतड्याकडे वळला. आतडे थोडे जरी काम करत असेल तर त्यालाच काम द्यावे, या भूमिकेतून नाकावाटे जठरापर्यंत जाणाऱ्या बारीक, मऊ नळीने द्रव आहार देणे पुढे आले. आज युरोपातील मार्गदर्शक सूचनांत नळीला पहिला आणि शिरेला दुसरा क्रम आहे.

येथे शास्त्र आणि आईचे मन यांचा खटका उडतो. नाकात नळी घातलेले मूल हे आपल्या समाजाच्या नजरेत अखेरच्या अवस्थेतील मूल असते. ‘मी भरवते, नळी नको’ हा आईचा आग्रह अडाणीपणातून येत नाही. मुलाला भरवणे एवढी एकच गोष्ट त्या अनोळखी यंत्रांच्या खोलीत तिच्या हाती उरलेली असते, आणि नळी तीही काढून घेते असे तिला वाटते. ज्या आहारतज्ज्ञाला हे उमगते, ती नळीबरोबरच दोन चमचे पेज भरवण्याची मुभा आईला ठेवते. वैद्यकीयदृष्ट्या त्या दोन चमच्यांचे उष्मांक नगण्य असतील. पण तोंडाने खाण्याची सवय मुलात त्यामुळेच टिकते.

मुंबई १९८३ आणि त्यानंतर

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत परळ येथे सुरू झाले. १९६२ मध्ये ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. याच रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातील हे पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मानले जाते. डॉ. अडवाणी यांनी सिएटल येथे थॉमस यांच्या केंद्रात या तंत्राचा अनुभव घेतला होता. बालपणीच पोलिओमुळे पाय गमावलेल्या या डॉक्टरांनी चाकाच्या खुर्चीवरून हे काम उभे केले. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपला प्रत्यारोपण विभाग सुरू केला आणि थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मार्ग खुला झाला. टाटा रुग्णालयाचा प्रत्यारोपण विभाग पुढे खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या केंद्रात गेला.

या घटनेच्या प्रचलित कथनात डॉक्टर येतात, दाता भाऊ येतो, मज्जा येते. ताट येत नाही. १९८३ मध्ये हिंगोली हा परभणी जिल्ह्यातील एक तालुका होता. येथील कुटुंबाला अशा उपचारासाठी साडेपाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून परळ गाठावे लागे. रुग्णालयात मुलाजवळ एकालाच थांबता येते. उरलेल्यांनी कोठे राहावे आणि मुलासाठी काय शिजवावे, हा प्रश्न रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सुटायचा किंवा तेथेच अडायचा.

तो काही अंशी सोडवला महाराष्ट्रातील जुन्या धर्मशाळा-परंपरेने. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, हे सर्वविदित आहे. १९५६ मध्ये बाबांच्या निधनानंतर त्यांच्या मिशनची दादर येथील धर्मशाळा परळच्या कर्करुग्णांचा मोठा आधार बनली. यात्रेकरूंसाठी निर्माण झालेली संस्था रुग्णांची झाली, हे स्थित्यंतर सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे तपासावे इतके महत्त्वाचे आहे. परळमधील नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही याच परंपरेतील. परंतु कर्करोगाच्या सर्वसाधारण रुग्णाला पुरेशी ठरणारी धर्मशाळा प्रत्यारोपण झालेल्या मुलाला पुरत नाही. सामायिक पाणी, सामायिक शौचालय, ओल्या भिंती आणि गर्दी यांत त्याला ठेवणे म्हणजे रुग्णालयात जपलेले सारे धोक्यात घालणे होय.

२००६ मध्ये श्यामा व निहाल कविरत्ने यांनी मुंबईत ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था सुरू केली, तेव्हा धर्मशाळेच्या कल्पनेत एक मूलगामी बदल झाला. येथे केवळ कर्करोगावर उपचार घेणारी मुले आणि त्यांचे पालक विनामूल्य राहतात. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली मिळते, स्वयंपाकघरात स्वतःचा ओटा आणि शेगडी मिळते आणि दर आठवड्याला शिधा मिळतो. आयते जेवण देणे व्यवस्थापनास सोपे गेले असते. तरीही चूल आईच्या हाती ठेवण्यात आली. माझ्या मते या निर्णयाचे पोषणशास्त्रीय मोल फार मोठे आहे. चव गेलेले मूल अनोळखी ताट दूर सारते. आपल्या घरच्या फोडणीचा वास त्याला निदान ताटाजवळ तरी आणतो. पश्चिम बंगालच्या मुलाला भात-माशाची आणि मराठवाड्याच्या मुलाला भाकरीची ओढ असते. एकच भटारखाना या दोघांना कसा पुरणार?

२०१३ मध्ये पूर्णोता दत्ता बहल यांनी स्थापन केलेल्या ‘कडल्स फाउंडेशन’ने आणखी पुढचे पाऊल टाकले. शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांच्या बालकर्करोग विभागांत या संस्थेने आहारतज्ज्ञ नेमले. मुलाचे वजन, उंची, दंडाचा घेर पाहून त्याचा आहार ठरवणे, पूरक आहार आणि गरम जेवण पुरवणे, एवढेच नव्हे तर कुटुंबाला शिधा देणे, असे तिच्या कार्याचे स्वरूप आहे. कुटुंबाला शिधा देण्यामागील विचार साधा आहे. घरातील इतर मुले उपाशी असतील तर आजारी मुलासाठी दिलेला डबा वाटला जाणारच. तो वाटला जाऊ नये अशी अपेक्षा आईकडून करणे क्रूरपणाचे आहे.

आहारतज्ज्ञ ज्या तक्त्यांच्या आधारे ताटाचा हिशेब मांडतात, त्यांचाही इतिहास येथे थोडक्यात नमूद करणे योग्य ठरेल. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तेथून १९७१ मध्ये सी. गोपालन व सहकाऱ्यांचा ग्रंथ आला आणि २०१७ मध्ये ५२८ पदार्थांचे नवे तक्ते आले. ज्वारी, तूर, भुईमूग, राजगिरा यांचे उष्मांक आणि प्रथिने या तक्त्यांमुळेच आकड्यांत सांगता येतात. खिचडीत शेंगदाण्याचे भाजलेले कूट आणि चमचाभर तूप वाढवल्याने घासाचा आकार न वाढता उष्मांक वाढतात, हा सल्ला आजीबाईचा वाटला तरी त्यामागे हैदराबादची प्रयोगशाळा उभी आहे.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा हिंगोलीकरांना सार्थ अभिमान आहे. त्यामुळे आपल्याकडची कुटुंबे मुलाला हळद-दूध, काढे, चूर्णे देण्यास उत्सुक असतात. वरणात शिजलेली हळद आणि वाटीभर अर्क यांत मात्र फरक आहे. प्रत्यारोपणाच्या काळात वनौषधींचे अर्क आणि चूर्णे डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत असेच सर्वत्र सांगितले जाते, कारण ती चालू औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात आणि न शिजवलेल्या मसाल्यांत बुरशीचे बीजाणू असू शकतात.

क्षयरोगाच्या इतिहासातील समांतर उदाहरण

अन्न उपचाराच्या कक्षेतून बाहेर जाणे आणि पुन्हा आत येणे, हे क्षयरोगाच्या बाबतीतही घडलेले आहे. प्रतिजैविकांपूर्वीच्या आरोग्यधामांत दूध, अंडी आणि विश्रांती हाच उपचार होता. १९५९ मध्ये मद्रासच्या प्रसिद्ध अभ्यासाने असे दाखवले की, निकृष्ट आहारावर घरी राहून गोळ्या घेणारे गरीब रुग्णही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात. या निष्कर्षाने असंख्य गरिबांना घरच्या घरी उपचार मिळाले, हे त्याचे मोठेच श्रेय होय. पण त्याच्या छायेत अन्नाचा प्रश्न दुय्यम ठरला. तो पुन्हा ऐरणीवर यायला अनेक दशके लागली. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निक्षय पोषण योजनेद्वारे क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये देण्यास प्रारंभ केला. २०२४ मध्ये ही रक्कम १००० रुपये झाली. २०२३ मध्ये झारखंडमधील अनुराग व माधवी भार्गव यांच्या अभ्यासाने रुग्णाच्या कुटुंबाला शिधा दिल्यास त्या घरातील नव्या क्षयरुग्णांची संख्या लक्षणीयरीत्या घटते, हे सिद्ध केले.

रुग्णाबरोबर कुटुंबाला शिधा, हे सूत्र मुंबईच्या बालकर्करोग विभागात आणि झारखंडच्या खेड्यांत स्वतंत्रपणे सापडले. फरक इतकाच की, क्षयरोगाच्या बाबतीत शासनाने त्याला योजनेचे रूप दिले, तर प्रत्यारोपणाच्या बाबतीत ते प्रामुख्याने देणगीदारांवर सोपवलेले आहे. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या अर्थसाहाय्याने २०१७ मध्ये सुरू झालेली बाल सेवा योजना प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत देते, ही निश्चितच मोलाची गोष्ट आहे. परंतु अशा योजनांचा हिशेब साधारणतः प्रक्रियेभोवती बांधलेला असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर एक दिवस मोजला जातो, चार महिने नाहीत.

परतीची वाट

प्रत्यारोपणानंतरचे पहिले शंभर दिवस रुग्णालयाजवळ काढावेत, असा सर्वत्र प्रघात आहे. त्यानंतर मूल घरी येते. मुंबईच्या संस्थांचे काम बहुतांशी येथे थांबते आणि जिल्ह्याचे सुरू होते. निदान व्हावयास हवे. मुलाची प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हायला आणखी बराच काळ लागतो, लसी पुन्हा द्याव्या लागतात, भूक मंद असते आणि वजन वाढत नाही.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. २०१२ मध्ये छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील अनेकांची मुंबईवारी वाचली. २०२४ मध्ये मुंबईहून जालन्यापर्यंत येणारी जनशताब्दी गाडी हिंगोलीपर्यंत वाढवण्यात आली. त्याच वर्षी हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही प्रारंभ झाला. तपासणीसाठी दर काही आठवड्यांनी मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाला या गोष्टींचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

पोषणाच्या बाबतीत तर आपल्या विभागाजवळ एक महत्त्वाचा वारसा आहे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबाद येथूनच सुरू झाले. बालकांची वजने नियमित घेणे आणि तीव्र कुपोषित बालके हुडकणे यांवर त्याचा भर होता. अंगणवाडी सेविकेच्या पिशवीत आज जी दंडघेर मोजण्याची तिरंगी पट्टी असते, तिचे मूळ डेरिक जेलिफ यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातील मोजमापांत आणि १९७४ मध्ये शाकीर व मॉर्ले यांनी सुचवलेल्या रंगीत पट्टीत आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. कर्करोग विभागातील आहारतज्ज्ञही दंडच मोजतात. कारण पोटातील गाठीमुळे किंवा अंगावर आलेल्या सुजेमुळे वजनाचा काटा फसवतो. दंड सहसा फसवत नाही. म्हणजे परळच्या वॉर्डातील आणि सेनगावच्या अंगणवाडीतील साधन एकच आहे. मुंबईहून सुटताना मुलाच्या हाती जी कागदपत्रांची फाईल दिली जाते, तिची एक प्रत गावच्या सेविकेकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे रीतसर जाईल, अशी व्यवस्था करण्यास नव्या इमारतीची आवश्यकता नाही. सहा वर्षांवरील मुले अंगणवाडीच्या कक्षेबाहेर जातात, हा खरा अडसर आहे आणि तेथे शाळेला उभे राहावे लागेल.

शाळेच्या संदर्भात माध्यान्ह भोजनाचा प्रश्न येतो. १९९५ मध्ये देशपातळीवर सुरू झालेल्या या योजनेतील गरम खिचडी प्रत्यारोपण होऊन गेलेल्या मुलाने खावी का, याचे उत्तर डॉक्टर मुलाची अवस्था पाहून देतील. गावाची वृत्ती मात्र बहुधा उलट दिशेने काम करते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही ‘त्या मुलीला वेगळं बसवा’ असे सांगणारे लोक निघतात, कारण रक्ताचा आजार लागतो अशी समजूत अजून गेलेली नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या बहिणीने गावी परतल्यावर पहिले वर्ष घरीच अभ्यास केला. दुसऱ्या वर्षी ती शाळेत जाऊ लागली तेव्हा आईने डबा दिला होता आणि मुख्याध्यापकांनी तिला कार्यालयात बसून जेवायला सांगितले. हेतू काळजीचाच होता. पुढे मुंबईच्या तपासणीत डॉक्टरांनी शाळेतील ताजी, गरम खिचडी खायला हरकत नाही असे लिहून दिले आणि भावाने तो कागद शाळेत नेऊन दाखवला. त्या दिवसापासून ती ओळीत बसू लागली. खिचडी तिला आवडत नाही, अशी तक्रार ती आता इतर मुलींबरोबर करते, असे तो मला हसत सांगत होता.